झोळीचं लुगडं

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी माझी थोरली बहीण खुर्चीवर चढली होती. मी तिला दंडाला धरून खाली उतरवलं. पंचाहत्तरीच्या बहिणीला असं उतरवू नये. पण उतरवलं, आणि आजही मला त्याचं काही वाटत नाही.

ती झोळी सोडायला चढली होती. आमच्या ओसरीच्या आडव्या लाकडी फाट्याला माझ्या बायकोनं स्वतःच्या जुन्या हिरव्या लुगड्याची झोळी बांधली होती, नातवासाठी. पोरगं महिनाभराचं असताना बांधली, आणि पोराला पाचवा महिना लागायच्या आत ती गेली. तीन दिवस ताप, आदिलाबादचा दवाखाना, चौथ्या दिवशी आम्ही तिला आडवी करून गावात आणली. तिची बाकीची लुगडी बहिणीनं तेरवीला वाटून टाकली. आमच्याकडं गेलेल्या माणसाचं कापड घरात ठेवत नाहीत. ट्रंक रिकामी होईपर्यंत मी बघत बसलो. पण झोळीपाशी आली तेव्हा उठलो.

बहीण म्हणाली, "अरे, मेलेल्या बाईच्या लुगड्यात लेकरू निजवतं का कोणी?"

"जिवंत होती तवा तिनंच निजवलं. मी काई नवीन केलं नाई."

"पोराले बाधलं म्हणजे?"

"आजीचं लुगडं नातवाले बाधते? कोण सांगतलं तुले?"

तिला कोणीच सांगितलेलं नव्हतं. तिनं खुर्ची जागेवर ठेवली आणि त्या दिवशी माझ्या घरी पाणीसुद्धा न पिता गेली.

त्यानंतर मी त्या झोळीला कोणाला हात लावू दिला नाही. सून आत प्लास्टिक आणि जुन्या धोतराचे तुकडे घालायची, ते तुकडे रोज धुवायची. एकदा म्हणाली, "मामाजी, लुगडंई धुतो ना. आत्याबाईसुद्धा धुवायच्या." मी जेवत होतो, ताट सरकवलं आणि उठलो. दोन वेळा जेवलो नाही. मग ती पुन्हा बोलली नाही. मला वाटलं, आपल्याला गुंडाळायला मेलेल्या सासूचं नाव घेते. फाट्यावरची ती गाठ माझ्या बायकोच्या हातची होती. लुगड्याला तिचा वास होता. तंबाखूची मशेरी, चुलीचा धूर आणि खोबरेल. एवढं एकच तिचं घरात उरलं होतं, ते मी साबणाच्या पाण्यात का सोडावं?

आता खरी अडचण सांगतो. सून गुडीहत्नूरकडच्या एका सरकारी शाळेत मास्तरीण आहे. दोन बस बदलून जाते. पोरगा आदिलाबादला खताच्या दुकानात हिशेब लिहितो. बायको होती तोवर दोन्ही लेकरं तिच्या जिवावर होती, पाच वर्षांची नात आणि हा नातू. ती गेल्यावर सुनेनं रजा वाढवली, पण दिवाळी झाली की रजा संपत होती.

मी म्हटलं, "मी सांभाळतो."

सून म्हणाली, "मामाजी, तुमाले डाव्या कानानं ऐकू येत नाई. अन् झोपता तुमी उजव्यावर."

हे खरं होतं.

पोरानं आदिलाबादला एक खोली बघून ठेवली होती. बाई मिळाली नाही तर दिवाळीनंतर बिऱ्हाड तिकडं हलवायचं, लेकरं सुनेच्या आईनं बघायची. मला म्हणाले, तुम्हीही चला. मी म्हटलं, मी इथंच मरतो. रागानं म्हटलं, पण मनातलं म्हटलं. ओसरीत झोळी नाही, नात नाही, आणि मी एकटा भाकर भाजतो आहे, हे चित्र डोळ्यापुढं आलं की माझं डोकं फिरायचं. म्हणून मी हट्ट धरला की बाई ठेवू, लेकरं इथंच राहतील.

सून म्हणाली, "ठेवू. पण बाई तुमीच निवडा. मी निवडली तं चार दिवसांत तुमी हाकलून द्याल."

तिनं वहीच्या पानावर सात प्रश्न लिहून दिले. मी चौथी शिकलेला माणूस, पण वाचता येतं. अनुभव किती. लेकरू रडलं तर काय कराल. ताप आला तर काय कराल. मोबाइल किती पाहता. असं. खाली लिहिलं होतं, आधार कार्ड बघणे.

त्यात दिवस कापसाचे. सगळीकडं बोंडं फुटलेली. वावरात वेचायला बाया मिळत नाहीत, तर ओसरीत पोर सांभाळायला कोण येणार? तरी आल्या.

पहिली पोरगी तेलुगू घरातली, कॉलेज शिकलेली. मला तातय्या म्हणायची. तेलुगूत तातय्या म्हणजे आजोबा. चांगली पोरगी होती. नातवाला घेतलं तर तो लगेच तिच्या कानातलं ओढायला लागला. मी कागदावरचे प्रश्न विचारले, तिनं धडाधड उत्तरं दिली. मग तिनं पोराला झोळीत ठेवलं, एक झोका दिला आणि विचारलं, "साडी कोणाची, तातय्या?"

मला खोटं बोलता येत नाही. सांगितलं. तिनं तव्याला हात लागावा तसा हात मागं घेतला. "मा अम्मा ओप्पुकोदु," म्हणाली. तिची आई कबूल होणार नाही. दाराबाहेर जाऊन चपला घातल्या आणि तिथूनच मला नमस्कार केला.

दुसरी आदिलाबादहून आली, रिक्षा करून. तिथं कुठल्या तरी शाळेत आया होती. हातात प्लास्टिकची फाइल. माझ्याशी हिंदीत बोलली. बसायच्या आधी झोळीकडं बोट केलं, "चाचा, ये निकालना पडेगा. इन्फेक्शन होता."

मी म्हटलं, "ये नहीं निकलेगा."

"तो मैं कैसे काम करूँगी?"

"मत करो."

फाइल न उघडता गेली. जाताना रिक्षावाल्याला काहीतरी म्हणाली, तो हसला. ती माझ्या चांगल्या कानाच्या बाजूला असती तर मी ऐकलं असतं.

तिसरी गावातलीच, कापूस वेचणारी. ती उंबऱ्यावरच थांबली. "बुवा, लेकरू किती किलोचं हाय?"

"असंल आठ-नऊ."

"मी दिवसाले साठ किलो येचतो. आठ किलोसाठी दिवसभर बसून काय करू? कापूस सरल्यावर या बोलवाले." आणि हसत वावराकडं गेली. ती मात्र मला आवडली. तिच्याइतकं खरं बाकी कोणी बोललं नव्हतं.

दिवाळीच्या आधीचा शेवटचा रविवार आला. पोरगा आणि सून सकाळच्या बसनं आदिलाबादला निघाले, खोलीची किल्ली घ्यायला. सून दारातून म्हणाली, "आज कोणी नाई आलं तं सोमवारपासून मी सामान बांधतो, मामाजी. मग काई बोलू नका." नवऱ्याच्या मागं गेली. मी झोळीला झोका देत बसलो. नात पाटीवर बैल काढत होती. त्याला पाच पाय झाले होते.

दहाच्या सुमाराला चौथी बाई आली. तिला मी बोलावलेलं नव्हतं. आमच्या वावरात ती दहा-बारा वर्षं माझ्या बायकोच्या जोडीनं कापूस वेचायची. आता तिचे गुडघे गेले. मान उंच, तोंड फटकळ, हातात कापडी पिशवी. आली ती सरळ ओसरीवर येऊन भिंतीला टेकून बसली आणि पाय लांब केले.

"काकाजी, बाई पायजे म्हणे तुमाले."

"कोण सांगतलं?"

"साऱ्या गावाले माहीत हाय. तीन हाकलल्या हेई माहीत हाय. इचारा काय इचारता ते."

मी चष्मा लावला, कागद काढला. "अनुभव किती?"

"चार माहे, तीन पोराचे, एक पोरीचं. पुढं?"

"लेकरू रडलं तर काय कराल?"

"काऊन रडते ते पाईन. भूक हाय, हगलं हाय, का आज्याचं तोंड पाहून भ्यालं हाय."

नात हसली. मी तिच्याकडं डोळे वटारले, ती आणखी हसली.

"मोबाइल किती पाहता?"

"माहा मोबाइल पोराजोळ राह्यते. ताप आला तं काय करता, हेई लिवलं असंन त्यात. दवाखान्यात नेतो. राख नाई लावत. झालं?"

सातपैकी तीन प्रश्न राहिले होते, पण ते वाचायला माझी जीभ उचलेना. "झालं," म्हटलं.

"मंग आता मी इचारतो." ती गुडघ्यावर हात देऊन उठली, झोळीजवळ गेली, कापडाचा काठ नाकाला लावला. "हे कवा धुतलं?"

मी कागदाची घडी घालायला लागलो.

"काकाजी, तुमाले इचारून राह्यलो."

"धुतलं नाई. धुवाचं नाई. तिचा वास हाय त्याले. जमत असंल तं राहा, नाई तं रस्ता तिकडं हाय."

तिनं परत वास घेतला, या वेळी चांगला लांब श्वास ओढून. मग माझ्याकडं वळली.

"काकूचा वास नाई याले. मुताचा हाय."

मी खुर्चीवरून उठलो. तिला काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. तुझी हिंमत कशी झाली म्हणालो, माझ्या घरातून चालती हो म्हणालो, आणखी एक शब्द बोललो जो नातीसमोर बोलायचा नव्हता. ती हलली नाही. ओरडून माझा घसा बसला तेव्हा तिनं पिशवी उचलली.

"जातो. पण त्याच्या पाठीकडं पाहा आधी."

तिनं नातवाला झोळीतून काढलं, पालथा मांडीवर घेतला आणि अंगडं वर केलं. मानेपासून खालपर्यंत लाल पुरळ. मी रोज पावडर लावत होतो. उकाड्यानं आलं असेल म्हणत होतो. कार्तिक तोंडावर आला होता, उकाडा कुठला?

मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तेवढ्यात नात पाटी घेऊन जवळ आली. "आबा, आजी बाजाराच्या दिवशी धुवायची ना हे. मले खुर्ची धराले लावायची."

बाजाराच्या दिवशी मी तामसीला जायचो. सकाळी जायचो आणि दिवस कलल्यावर यायचो. तोवर झोळी वाळून परत फाट्यावर चढलेली असायची. चार महिने मी जिची राखण केली ती गाठ माझी बायको दर आठवड्याला सोडत होती आणि बांधत होती. सुनेनं मला हेच सांगितलं होतं. सुनेचं मी ऐकलं नाही. पण पाच वर्षांची पोरगी खुर्ची धरल्याचं खोटं कशाला सांगेल?

त्या बाईनं या वेळी तोंड उघडलं नाही, हे तिचं मी मानतो. दोन शब्द बोलली असती तर मी तिला नक्की घालवलं असतं.

मी खुर्ची ओढली आणि झोळीखाली ठेवली. "धर गं," नातीला म्हटलं. तिनं पाटी ठेवली आणि दोन्ही हातांनी खुर्चीचा पाय धरला. तिला कुठं धरायचं ते बरोबर माहीत होतं. वर चढलो. मला वाटलं होतं, चार महिन्यांची गाठ, ओझ्यानं आवळलेली, सोडायला विळा लागेल. बारका शेपटा बाहेर राहिला होता, तो ओढला. एका ओढीत सुटली.

कापसाच्या गाठोड्याची गाठ होती ती. वावरात बाया ओझ्याला तशीच गाठ मारतात, डोक्यावर घट्ट आणि वजनकाट्यापाशी आली की एका झटक्यात मोकळी. मी जन्मभर ती गाठ बघत आलो. माझ्या बायकोनं हे सोडायलाच बांधलं होतं.

लुगडं माझ्या खांद्यावर पडलं. नाकाशी घेतलं. मुताचाच वास होता. दुधाचा, लाळेचा, पावडरचा. तिचा नव्हता. कधी गेला होता कोण जाणे. खरं सांगू, मला त्याआधीच माहीत होतं. म्हणूनच मी त्या बाईवर तेवढा ओरडलो.

खुर्चीवरून उतरलो ते सरळ बोअरच्या दगडावर गेलो. ती मागून आली. "आना, मी धुतो."

"दूर राहा. मी धुईन."

"कवा धुतलं हाय का जन्मात?"

"आज धुतो."

नऊवार ओलं झालं की किती जड होतं हे मला त्या दिवशी कळलं. साबण जास्त झाला. फेस नातीच्या पायापर्यंत गेला, ती त्यात नाचायला लागली. मी दगडावर आपटायला लागलो.

"काकाजी, लुगडं धुता का बैल धुता?" ती ओसरीतून ओरडली. "हळू. जुनं हाय, फाटंन."

मी हळू केलं. धुताना एक काठ हातात आला, त्याला बायकोनं पांढऱ्या दोऱ्यानं टाके घातलेले होते. हिरव्या लुगड्याला पांढरा दोरा. घरात हिरवा नसेल. तिथं मी थांबलो. तोंडावर पाणी मारलं, पुन्हा धुवायला लागलो.

मागं वळून बघितलं तर ती भिंतीला टेकून बसलेली, पाय लांब, आणि नातू तिच्या पायांवर उघड्या पाठीनं पालथा झोपलेला. झोळी नाही, झोका नाही. गाढ झोपला होता. मला राग आला. आजीचं लुगडं नसलं तर पोरगं झोपत नाही, असं मी घराला चार महिने सांगत होतो आणि हा पठ्ठ्या परक्या बाईच्या नडगीवर घोरत होता.

"उद्यापासून येता का?" मी म्हटलं.

"आठ वाजता येईन. चहा घरचा पिऊन येतो, पण दुपारची भाकर इथं खाईन, तुमच्यासंगं ओसरीत बसून. मागच्या दारी नाई."

ती हे का म्हणते ते मला माहीत होतं. आमच्या वावरात ती दहा-बारा वर्षं राबली, पण आमच्या ओसरीत कधी जेवली नव्हती. माझ्या बायकोनंही तिला ओसरीत वाढलं नव्हतं. मीही वाढा म्हणालो नव्हतो.

"ओसरीतच बसाल," मी म्हटलं.

कापड दुपारपर्यंत वाळलं. झोळी बांधायला मी खुर्चीवर चढलो, तीनदा गाठ मारली, तीनदा सरकली. शेवटी ती खालून सांगत गेली, असा वेढा घ्या, आता शेपटा आतून काढा, ओढा. चौथ्यांदा बसली. तिनं झोळीला लोंबकळून बघितलं, आपल्या गुडघ्यांची पर्वा न करता. "माणसाचं ओझं पेलते," म्हणाली.

संध्याकाळच्या बसनं पोरगा आणि सून आले. पोराच्या हातात खोलीची किल्ली होती. सून ओसरीच्या पायरीवरच थांबली. झोळीकडं बघितलं. पुढं होऊन कापडाला हात लावला आणि हात तसाच ठेवला.

"बाई ठेवली," मी म्हटलं. "उद्या आठला येते. आधार कार्ड आणते म्हणाली."

सून म्हणाली, "बरं, मामाजी." मग पोराकडं वळून म्हणाली, "किल्ली उद्या देऊन टाकजा." आणि नाक पुसत आत गेली. मी तिला चूक झाली असं म्हणालो नाही. दिवाळीनंतर ती शाळेत जायला लागली त्या दिवशी तिच्या डब्यासाठी शेंगा सोलून ठेवल्या.

त्या वर्षी आमच्याकडं दिवाळी नव्हती, तरी भाऊबीजेला बहीण आली. फाटकातच थांबली, कारण समोर तारेवर हिरवं लुगडं वाळत होतं, नऊवार, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ओसरीत ती बाई नातवाला पेज भरवत होती. बहिणीनं आधी तिचं आडनाव विचारलं. मी सांगितलं. तिनं तोंड वाकडं केलं.

"हिच्या हातचं खाते लेकरू?"

"मीई खातो. तूई खाशील आज, भूक असंल तं."

"अन् हे? अजून घरातच हाय?" तिनं तारेकडं हात केला.

"हाय. धुतलेलं हाय."

"फाटल्यावर तरी टाकशील का?"

"ठिगळ लावीन. पांढऱ्या दोऱ्यानं."

बहीण पिशवी काखेत धरून उभी राहिली. ती जेवायला थांबते की तेरवीसारखी निघून जाते, ते मला ठाऊक नव्हतं, आणि मी विचारलंही नाही. बसायला पाट टाकला आणि तारेकडं गेलो. लुगडं अर्धं वाळलं होतं. उलटून घातलं. मागच्या अंगणातही एक तार आहे, सून सांगत असते, तिकडं घाला, रस्त्यावरून दिसते. दिसू दे. मी रस्त्याच्या बाजूलाच घालतो, काठ नीट ओढून, टाके वर करून.